तांबडी पाचर

“पडा जरा, आजोबा. बरं वाटेल,” असं ती तपासणीवाली बाई म्हणाली आणि तारमास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली. तसं पाहिलं तर एवढं रागावण्यासारखं काही घडलं नव्हतं. कानाच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत, हिरव्या रेक्झिनच्या खाटेवर, डोकं थोडं उंच करून त्यांना निजवलं होतं. उजव्या कानात गार पाण्याची धार सोडली होती, आणि दहा आकडे मोजायच्या आत छत डावीकडे सरकायला लागलं होतं. छताला एक पंखा होता. तो बंद होता आणि तरी फिरत होता. “भोवळ येईल हं, घाबरू नका, तेच बघायचंय,” असं बाईनं आधी बजावलं होतं. भोवळीला घाबरायचं! तारमास्तरांना हसूच आलं होतं. पण मग खाटेखालची जमीन एका बाजूनं उचलली गेली, क्षणभर तशीच अधांतरी राहिली आणि बेंबीच्या मागून काहीतरी हळूहळू गळ्याकडे निघालं. तेहतीस वर्षांत त्याची गाठ पडली नव्हती, तरी तारमास्तरांनी ते लगेच ओळखलं. एखाद्या नकोशा नातेवाइकाची चाहूल जिन्यातच लागावी तसं. बाईनं सवयीनं घेवड्याच्या शेंगेसारखं वाकडं पत्र्याचं भांडं त्यांच्या हनुवटीखाली धरलं, सकाळचा चहा आणि दोन बिस्किटं त्यात गेली. त्याचीही लाज त्यांना वाटली नाही. लाज त्यांनी तरुणपणीच खर्चून टाकली होती. पण बाई भांडं बाजूला ठेवता ठेवता, त्यांच्याकडे न बघता, ‘पडा जरा’ म्हणाली. अगदी त्याच चालीत, ‘जरा’वर तसाच हात फिरवत. बेचाळीस वर्षांपूर्वी एका माणसानं हेच शब्द त्यांना असेच मायेनं ऐकवले होते, आणि तेव्हापासून माया नावाच्या गोष्टीबद्दल त्यांच्या मनात एक आढी होती.

“मी बरा आहे,” ते म्हणाले. “आणि बाई, चिठ्ठीवर आधी ऐकण्याची तपासणी लिहिली होती. पाणी मागाहून.”

“काचेची खोली रिकामी नव्हती ना, आजोबा. काही फरक पडत नाही.”

फरक पडत नाही! ज्याला कधी बोट लागली नाही तोच असं म्हणू शकतो. तारमास्तर डोळे मिटून पडले, कारण उठता येत नव्हतं. तिचं ऐकलं म्हणून नव्हे, हे तिला सांगावं असं त्यांना वाटत होतं. बावीस वर्षं ते मालवाहू बोटींवर बिनतारी संदेशांचं काम करत होते. बोटीवर सगळे त्यांना तारमास्तर म्हणत, आणि जमिनीवर कायमचे परत आले तरी ते नाव त्यांच्या मागोमाग जिना चढून आलं. आता इमारतीतल्या लोकांना त्यांचं खरं नाव पत्राच्या पेटीवरच काय ते दिसे. पण त्या बावीस वर्षांत एकही सफर अशी झाली नाही की बोट बंदराबाहेर पडली आणि तारमास्तर आडवे झाले नाहीत. “होईल सवय,” असं पहिल्या सफरीत सगळे म्हणाले. दुसऱ्या सफरीत म्हणाले, “काही जणांना दोन सफरी लागतात.” पाचव्या सफरीनंतर कुणी काही म्हणेनासं झालं आणि गंमत सुरू झाली. प्रत्येकाजवळ एक उपाय होता. कुणी म्हणे लिंबू हुंगा, कुणी म्हणे कमरेला घट्ट पट्टा आवळा, कुणी म्हणे क्षितिजावर नजर ठेवा. क्षितिजावर! तारमास्तरांची खोली बंद डब्यासारखी होती, तिला खिडकी म्हणून जे काही होतं ते गोल ताटलीएवढं, आणि त्यातून एकदा नुसतं आभाळ दिसे, एकदा नुसतं पाणी. एका इंजिनवाल्यानं तर पैज लावून सांगितलं होतं की हा सगळा मनाचा खेळ आहे, मास्तर, मन घट्ट करा. त्याला पुढे दातदुखी झाली तेव्हा तारमास्तर मुद्दाम खाली इंजिनघरात जाऊन त्याला म्हणून आले, “मन घट्ट करा.” सबंध नोकरीत त्यांनी केलेला तेवढाच एक चहाटळपणा. त्याचंही त्यांना नंतर आठवडाभर वाईट वाटत राहिलं.

खरा शहाणपणा फक्त बोटीवरच्या आचाऱ्यानं सांगितला होता. तो ठेंगणा, मानेवर भाजल्याचा डाग असलेला माणूस एक दिवस दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, “मास्तर, थांबवायच्या नादी लागू नका. ते थांबत नसतं. वर यायला पोटात काहीतरी असू द्या म्हणजे झालं. रिकाम्या पोटी आतडीच वर येतात.” आणि त्यानं कडक भाजलेल्या पावाचे तुकडे आणि मीठ लावलेल्या आल्याच्या चकत्या कागदात बांधून दिल्या. त्या दिवसापासून तारमास्तरांनी आजारावर तोड काढायचं सोडलं आणि आजाराबरोबर संसार मांडला. बादली टेबलाच्या पायाला दोन गाठींनी बांधायची, एका गाठीनं नाही, कारण एक गाठ तिसऱ्या दिवशी दगा देते. बसताना गुडघे तिच्या दोन्ही बाजूंना. शक्यतो कागदाकडे पाहायचं नाही. लिहिण्यावाचण्यानं पोट जेवढं ढवळतं तेवढं लाटांनीही ढवळत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तांबडी पाचर. बिनतारी खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर दोन तांबड्या पाचरी रंगवलेल्या असत. एक पंधराव्या मिनिटापासून अठराव्यापर्यंत, दुसरी पंचेचाळिसाव्यापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत. मोठा काटा त्या पाचरीत शिरला की त्या समुद्रावरच्या यच्चयावत बोटींनी आपली बडबड बंद करायची आणि नुसतं ऐकायचं. कुठं कुणी बुडत असेल, जळत असेल, तर त्याचा क्षीण आवाज गलबल्यात हरवू नये म्हणून. दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, समुद्रावरचे सगळे तारमास्तर श्वास रोखून बसत. आमच्या तारमास्तरांचा श्वास रोखणं म्हणजे निव्वळ अलंकार नव्हता. चौदाव्या मिनिटाला ओकून घ्यायचं, जीभ टाळूला लावायची, आणि काटा पाचरीतून बाहेर पडेपर्यंत काही झालं तरी वर येऊ द्यायचं नाही. एकोणिसाव्या मिनिटाला पुन्हा बादली. बावीस वर्षांत पाचरीच्या आत ते एकदाही ओकले नाहीत. या पराक्रमाचं पदक कुठंही मिळत नाही, आणि सांगायला गेलं तर माणसं आधी नाक मुरडतात.

“बाबा, झालं का?” दारातून लेकीनं विचारलं. लेक शाळेत शिकवत असे आणि पन्नाशीला आली होती, त्यामुळे तिचा साधा प्रश्नही हजेरी घेतल्यासारखा वाटे. मागच्या महिन्यात तारमास्तर जिन्यावर तोल जाऊन दोन पायऱ्या घसरले होते आणि त्याच आठवड्यात किटलीची शिट्टी त्यांना ऐकू न आल्यामुळे किटली जळून काळी झाली होती. तेव्हाच तिनं निकाल दिला होता. “कान तपासू. रिपोर्ट चांगला आला तर मी एक शब्द बोलणार नाही, राहा एकटे. नाही आला तर खोलीला कुलूप आणि तुम्ही आमच्याकडे. जावईबापू पण हेच म्हणतात.” जावईबापू काहीच म्हणत नसत, हे तारमास्तरांना ठाऊक होतं. पण तिसऱ्या मजल्यावरची ती खोली, तिच्यातली पुस्तकं, ज्या खुर्चीतून पायाच्या अंगठ्यानं खिडकी उघडता येते ती खुर्ची, हे सगळं आता आपल्या दोन कानांवर टांगलेलं आहे हेही त्यांना ठाऊक होतं. किटली जळाली त्या वेळी ते वाचत होते. वाचताना त्यांना कधीच काही ऐकू येत नसे, विशीतसुद्धा. हे लेकीला सांगून उपयोग नव्हता.

“तुमचा चेहरा पांढरा पडलाय,” लेक म्हणाली. “उद्या येऊ या का?”

“उद्या नाही. आत्ताच.”

काचेची खोली म्हणजे एक उभं कपाट होतं. आतून राखाडी स्पंज, जाड दार, समोर हातभर काच आणि काचेपलीकडे यंत्राशी बसलेली तपासणीवाली. तिनं दार लावलं आणि जगाचा आवाज सुरीनं कापल्यासारखा तुटला. तारमास्तरांच्या डोक्यावर तिनं आधीच हेडफोन चढवला होता, हातात वायरीचं बटण दिलं होतं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी. मांडीवर ते वाकडं भांडं लेकीनं हट्टानं ठेवलं होतं. गुडघ्यांनी आपण होऊन त्याला दोन्हीकडून धरलं. आणि मग तारमास्तरांना एकदम कळलं की आपण कुठं बसलो आहोत. तीच खोली होती. तेच कानांवरचं घट्ट दडपण, तीच खुर्ची, पोटात तोच उठाव, आणि हातात जगाला उत्तर द्यायला एक बटण. नव्हतं ते फक्त घड्याळ. त्यांनी जीभ टाळूला लावली. बारीक सूर आला, दाबलं. आणखी बारीक आला, दाबलं. मग सुरांच्या मधल्या जागेत, फार लांबून, पाण्यावरून येतं तसं काहीतरी आलं. त्यांनी दाबलं. पुन्हा आलं, पुन्हा दाबलं. काचेमागं बाईची भुवई वर गेली, आणि तिचा आवाज कानात शिरला.

“आजोबा, मी आवाज देत नाहीये तेव्हा तुम्ही बटण दाबताय.”

“मला ऐकू येतंय.”

“आवाजच नाहीये तर ऐकू कसा येईल?” ती हसली. हसण्यात वाईटपणा नव्हता; तोच तर ताप होता. “ओकल्यावर कान वाजतात, तसं झालं असेल. या बाहेर, पाच मिनिटं बसा.”

ओकल्यावर कान वाजतात. म्हणजे शब्दन् शब्द तोच. तारमास्तर बाहेर आले आणि भिंतीशी ठेवलेल्या बाकावर धप्पकन बसले. लेकीला वाटलं अशक्तपणा. तिनं पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी ती अशी काही बाजूला सारली की शेजारी बसलेला एक मनुष्य उठून दुसरीकडे जाऊन बसला. बेचाळीस वर्षं! बेचाळीस वर्षं ते एका दुपारचं ओझं घेऊन जिने चढत-उतरत होते. संध्याकाळ नाही, रात्र नाही, वादळाला शोभेल असा काळोखही नाही. भर दुपारी, सव्वातीन वाजता, पांढऱ्या उजेडात. सफरीचा पाचवा दिवस होता. समुद्र असा उठला होता की आचाऱ्यानं चूल विझवली होती आणि खलाशांचा सारंग, जो कुणालाही हसायचा, तो स्वतः जिन्याशी उकिडवा बसून आई आठवत होता. तारमास्तरांनी तीन चौदाला बादली आटोपली, जीभ टाळूला लावली, काटा पाचरीत शिरला. पंधरा, सोळा. कानात फक्त समुद्राची खरखर. आणि सतराव्या मिनिटाला, खरखरीच्या तळाशी, एखाद्या दुबळ्या बोटानं दारावर वाजवावं तसं, तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड: बुडत्या बोटीची हाक. मग बोटीच्या खुणेची दोन अक्षरं. मग अक्षांशाचे आकडे. रेखांशाचा पहिला आकडा सुरू झाला आणि तुटला. पाठवणाऱ्याचा हात चांगला होता. घाई असूनही त्यानं टिंबांच्या मधली जागा खाल्ली नव्हती. इतक्या वर्षांनी तारमास्तरांना त्या अनोळखी हाताबद्दल आदर वाटे. आपण त्या जागी असतो तर आपली टिंबं अशी सुटी पडली असती का, हा विचार मनात येई आणि ते तो पुरा करत नसत.

त्यांनी उलट विचारलं, तीनदा विचारलं. उत्तर नाही. मग ते नोंदवही काखेत मारून, भिंतींना धडका देत वर कप्तानाकडे गेले. कप्तान वाईट माणूस नव्हता. हे तारमास्तर रागाच्या भरातही नेहमी आधी कबूल करत. तो वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. उंच, पिकल्या मिशांचा, बोटीवरच्या प्रत्येकाच्या मुलांची नावं लक्षात ठेवणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं. “कुठं?” एवढंच त्यानं विचारलं. अर्धा पत्ता सांगितल्यावर तो म्हणाला, “म्हणजे एक रेघ. या रेघेवर पूर्वेला जाऊ की पश्चिमेला? या समुद्रात वळलो तर आपलीच बोट उलटेल.” मग त्यानं हात पुढं केला. “वही बघू.” आणि इथं तारमास्तरांनी वही काखेतून काढायला नको तेवढा वेळ लावला. कारण वहीच्या त्या पानावर, तीन पंधरा ते अठरा या वेळेसमोर, सुवाच्य, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: ऐकलं. काही नाही. त्याच्याखाली तीन पंचेचाळीससमोरही तेच. चार पंधरासमोरही तेच. पान संपेपर्यंत.

ही तारमास्तरांची स्वतःची, कुणी न शिकवलेली युक्ती होती. दर पाचरीची नोंद वहीत करावी लागे, आणि उसळत्या बोटीत कागदावर नजर रोवली की पुढच्या पाचरीपर्यंत माणूस उरत नसे. म्हणून बंदरात, स्थिर टेबलाशी, ते पहिल्या सहा-सात दिवसांची पानं आधीच लिहून ठेवत. शंभरातल्या शंभर वेळा काहीच ऐकू यायचं नसतं. आणि वेगळं काही आलंच तर खोडायचं आणि खरं लिहायचं, त्यात काय मोठं? ऐकण्यात त्यांनी कधी कसूर केली नव्हती. फसवणूक म्हणून त्यांनी हे केलं नव्हतं. उलट कान मोकळे राहावेत म्हणून केलं होतं. लंगडा काठी घेतो तसं. तेरा वर्षं ती काठी मोडली नाही. त्या दुपारी खोडायला वेळ झाला नव्हता, ते आधी उत्तर मागत राहिले आणि मग वर धावले.

कप्तानानं पान वाचलं, पुढचं पान उलटलं, तिथं उद्याचा दिवस लिहिलेला पाहिला आणि वही मिटली. मग हळू आवाजात, जवळ उभ्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून, म्हणाला, “तारमास्तर, हे पान खरं म्हणू की तुम्ही खरे म्हणू? पान खोटं म्हटलं तर तुमच्या सगळ्याच वह्या खोट्या होतात. मग मला ते वर कळवावं लागेल. तुमचा परवाना जाईल. घरी लहान लेक आहे तुमची.” तारमास्तर दाराची कडी धरून उभे होते. एक शब्द बोलायचा होता: खोडतो. पेन खिशात होतं. “ओकल्यावर कान वाजतात,” कप्तान म्हणाला आणि त्यानं वही त्यांच्या काखेत पुन्हा नीट सरकवून दिली, आई मुलाची पाटी सरकवते तशी. “जा. पडा जरा. बरं वाटेल.” आणि ते गेले. पडले. तीन पंचेचाळीसला उठून ऐकलं, सव्वाचारला, पावणेपाचला, रात्रभर. खरखर. वहीतलं अक्षर तसंच राहिलं. पुढच्या बंदरात ऐकलं की नऊ माणसांची एक लहान बोट येणार होती ती आली नाही. तीच की दुसरी, कुणालाच सांगता आलं नसतं. ते ज्याला सांगता आलं असतं त्याच्या वहीत लिहिलेलं होतं: काही नाही. कप्तान पुढं थाटानं निवृत्त झाला. त्याच्या निरोपाला तारमास्तरांनी हार घातला होता. तो हार घालणारा आपला हात आठवला की त्यांना अजूनही जागच्या जागी बोट लागल्यासारखं होई.

“चला आजोबा, आता डावा कान,” तपासणीवालीनं बोलावलं. ते उठले. काचेच्या खोलीकडे जाताना तिच्या यंत्राजवळून जावं लागे, आणि यंत्राशेजारी फळीला चिमटा लावून त्यांचा कागद ठेवला होता. तारमास्तरांना कागद दिसला की वाचायचा, ही जन्मखोड. उजव्या कानासमोर ऐकलेल्या सुरांची तांबडी वर्तुळं, त्यांच्याखाली: उत्तरं भरवशाची नाहीत. ठीक. आणि त्याच्याखाली, डाव्या कानासमोर, निळ्या पेनानं, घोटीव अक्षरात: उत्तरं भरवशाची नाहीत.

त्यांनी एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“बाई, डावा कान अजून तपासायचा आहे ना?”

“हो, तेच करतोय ना आता.”

“मग हे काय लिहिलंय?”

बाई किंचित लाजली. “अहो, बाहेर किती माणसं बसलीयत बघा. मध्ये पाच मिनिटं मिळतात तेव्हा भरून ठेवते. उजव्याचं तसं आलं की या वयात डाव्याचंही तसंच येतं. वेगळं निघालं तर खोडते ना मी.”

“नाही खोडत,” तारमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा चढला की बाहेरच्या बाकांवरची कुजबुज थांबली. आयुष्यात ते कुणावर असे ओरडले नव्हते. ओरडताना आपण नेमके कुणावर ओरडतो आहोत, याचाही त्यांना क्षणभर पत्ता लागेना. “कुणी खोडत नाही! वाटतं, खोडू. पेन खिशात असतं. पण लिहिलेलं असतं ना, ते आपल्याकडे बघत बसतं. मग समोरचा माणूस म्हणतो की कान वाजले असतील. मग आपल्यालाही वाटतं, असतील. तुम्हाला मी शिकवू का हे? मी केलंय हे. तेरा वर्षं केलंय.”

“बाबा!” लेक उठून आली. “काय चाललंय? अहो, त्या मुद्दाम नाही करत आहेत. हळू बोला.”

“मुद्दाम कोण करतं? कुणीच करत नाही मुद्दाम. खोडा, बाई. माझ्यासमोर खोडा. तोवर मी आत बसणार नाही आणि घरीही जाणार नाही.”

“हे काय बाई आता,” तपासणीवाली पुटपुटली. पण तिनं पेन उचललं. एक आडवी रेघ, आणि ती पुरेशी वाटली नाही म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत आणखी एक. तारमास्तरांनी ती रेघ पाहिली. केवढीशी रेघ! दोन बोटांएवढी, ओढायला श्वासाएवढाही वेळ लागला नाही. एवढ्यासाठी बेचाळीस वर्षं.

दार बंद झालं. पाण्यानं ढवळलेलं पोट अजून बसलं नव्हतं, ओरडण्यानं ते पुन्हा उसळलं होतं. गुडघ्यांत भांडं, टाळूला जीभ. डाव्या कानात सूर यायला लागले. एक. दाबलं. बारीक. दाबलं. त्याहून बारीक, सुईच्या टोकाएवढा. दाबलं. मध्ये बराच वेळ काही आलं नाही, त्यांनी बटणाला बोट लावलं नाही. बाईनं त्यांना फसवायला मुद्दाम जागा सोडल्या, ते फसले नाहीत. मग तिनं उजव्या कानातही पुन्हा सूर सोडले, तेही चुकले नाहीत. काचेतून तिची मान एकदा, दोनदा हलली. तिच्या मागं उभ्या असलेल्या लेकीच्या चेहऱ्यावर हळूहळू खुशी पसरत गेली. खोली वाचली होती. पुस्तकं, खुर्ची, खिडकी. बाईनं बोटानं खूण केली की झालं, आणि नेमकं तेव्हा, सगळे सूर संपल्यावर, स्पंजच्या भिंतींमागून, खरखरीच्या तळातून ते आलं. कान वाजत असतील. वाजत असतीलच, ओकल्यावर वाजतात, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तारमास्तरांनी बाईच्या डोळ्यांत बघितलं आणि बटण दाबलं.

दार उघडलं. “आजोबा, छान! सगळे बरोबर. फक्त ते शेवटचं मी दिलं नव्हतं.”

“माहीत आहे.”

“मग दाबलंत कशाला?”

“ऐकू आलं म्हणून.”

“जाऊ द्या, मी धरतच नाही ते. चांगला रिपोर्ट देते तुम्हाला,” ती म्हणाली. मघाच्या ओरड्याचा राग तिनं ठेवला नव्हता. मायाळू बाई होती.

“धरा,” तारमास्तर म्हणाले. पोट गळ्याशी आलं होतं, शब्द दातांमागून काढावे लागत होते. “लिहा. न दिलेला आवाज ऐकू आला.”

“बाबा, कशाला विषाची परीक्षा?” लेकीनं त्यांचा दंड धरला. “सगळं बरोबर आलंय. तुम्हालाच हवं होतं ना एकटं राहायला? मी शब्द दिलाय. एवढं एक सोडून द्या.”

“कुलूप लाव हवं तर. पण लिहायचं.”

तपासणीवाली पेन हातात घेऊन थांबली. तिनं लेकीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. पांढरा फटक चेहरा, कपाळावर घाम, ओठ गच्च मिटलेले. आणि बेचाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं ते तिनं सहज विचारलं. “बरं, सांगा. काय ऐकू आलं?”

“तीन आखूड,” ते म्हणाले. “तीन लांब. तीन आखूड. मग दोन अक्षरं. मग अर्धा पत्ता. पुढचं तुटलं.”

ती लिहीत गेली. लेकीच्या हाताची पकड दंडावर सैल झाली, पण हात तिथंच राहिला.

“वेळ घाला,” तारमास्तर म्हणाले.

तिनं मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि कोपऱ्यात आकडे घातले. त्यांनी मान पुढं करून ते नीट वाचले. कागदावर नजर रोवल्यानं जे व्हायचं ते झालं, तरी शेवटचा आकडा पुरा होईपर्यंत त्यांनी टाळूवरची जीभ हलवली नाही. तिनं पेनाला टोपण लावलं. तेव्हा कुठं त्यांनी लेकीला हातानं जरा बाजूला सारलं, भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि मनसोक्त ओकले.